‘परवा या’ म्हणजे परवाच या!

गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. जुलै महिना होता. आठवडाभर चांगला पाऊस झाला होता आणि जिकडेतिकडे धानाची रोवणी सुरू होती. या दिवसांत आमच्या दवाखान्यात गर्दी कमी असते. बायका रोवणीला जातात, दुखणे अंगावर काढतात आणि रोवणी आटोपली की एकदम येतात. पण त्या दिवशी पवनी तालुक्यातील एका खेड्यातून पंचवीस-सव्वीस वर्षांची एक बाई नवऱ्यासोबत आली. पाळी चुकून दहा-बारा दिवस झाले होते. घरी पट्टीवर लघवी तपासली, तर दोन रेघा आल्या. पहिल्या मुलानंतर चार वर्षांनी दिवस राहिले म्हणून घरी आनंद होता. मात्र दोन दिवसांपासून थोडेथोडे काळसर रक्त जात होते आणि ओटीपोटात डावीकडे दुखत होते.

मी तिला तपासले. नाडी आणि ब्लडप्रेशर चांगले होते. सोनोग्राफी केली. गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसली नाही, बाहेरही काही दिसले नाही. रक्ताचा नमुना घेतला. तो तपासणीसाठी नागपूरला जायचा होता. मी म्हणाले, ‘‘दिवस अजून कमी आहेत, आज नक्की सांगता येत नाही. परवा या, पुन्हा रक्त तपासू.’’ तिने मान हलवली. केसपेपरवर मी लिहिले, ‘परवा येणे.’

ती परवा आली नाही. दुसऱ्याच दिवशी रक्त जाणे थांबले होते, दुखणेही कमी झाले होते. बांधीत पाणी होते, परे तयार होते आणि मजूर मिळत नव्हते. ‘आता बरे आहे, मग कशाला जायचे?’ असे घरात ठरले. सहाव्या दिवशी रोवणी करता करता ती वाकलेलीच खाली बसली आणि तिला भोवळ आली. दिराने ट्रॅक्टरवर घालून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणले, तेथून रुग्णवाहिकेने दवाखान्यात. हातपाय गार पडले होते, नाडी जेमतेम लागत होती. पोट उघडले तेव्हा आत दीड लिटरच्या वर रक्त साचले होते. डावी गर्भनलिका फुटली होती. ती काढून टाकली, चार बाटल्या रक्त दिले आणि ती वाचली.

तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी तिची सासू मला म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही परवा या म्हटलं खरं. पण नाही आलो तर जीवच जाते, हे नाही ना सांगितलं!’’

मी निरुत्तर झाले. म्हातारीचे म्हणणे खरे होते. निदान करताना मी चुकले नव्हते, पण सांगताना चुकले होते. तेव्हा जे सांगायचे राहिले, ते आज या लेखातून सर्वांना सांगत आहे.

गर्भ भलत्या जागी कसा रुजतो?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते. तिला गर्भनलिका म्हणतात. स्त्रीचे बीजांड आणि पुरुषाचा शुक्रजंतू यांचा संयोग या नळीतच होतो. तेथून हे फलित बीज तीन-चार दिवसांत सरकत सरकत गर्भाशयात येते आणि तेथे रुजते. काही कारणाने वाट अडली, तर ते नळीतच रुजते. परा बांधीत लागायचा, तो धुऱ्यावर लागावा, तसा हा प्रकार आहे. साधारणपणे दर शंभर गर्भधारणांपैकी एक ते दोन अशा असतात. त्यांतील नव्वदहून अधिक टक्के नळीत असतात. क्वचित बीजकोशात, गर्भाशयाच्या मुखाशी, आधीच्या सिझेरियनच्या व्रणात किंवा पोटाच्या पोकळीतही गर्भ रुजतो.

गर्भाशय ताणले जाते, नळी तितकी ताणली जात नाही. गर्भ वाढू लागला की नळीची पातळ भिंत फाटते आणि पोटात रक्तस्राव सुरू होतो. शेवटच्या पाळीपासून मोजले, तर बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात त्रास सुरू होतो. कधी त्याच्या आधी, कधी नंतरही.

‘‘डॉक्टर, हा गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही का?’’ असे अनेक जण विचारतात. विचारताना त्यांचे डोळे भरून आलेले असतात. दुर्दैवाने तसे करता येत नाही. नळीतला गर्भ वाढून बाळ होऊ शकत नाही. अशा वेळी आईला वाचवणे एवढेच हातात असते. एके काळी तेही नव्हते. १८८३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे लॉसन टेट या शल्यविशारदाने फुटलेली नळी काढून एका स्त्रीचे प्राण वाचवले. त्यापूर्वी नळी फुटलेल्या बाईजवळ बसून राहण्यापलीकडे डॉक्टरांना फारसे काही करता येत नव्हते.

कोणाला धोका अधिक?

ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन नळ्यांना सूज आलेली असेल, गर्भनलिकेचा क्षयरोग झालेला असेल, पूर्वी नळीचे ऑपरेशन झालेले असेल, मूल होण्यासाठी उपचार घेतलेले असतील किंवा आधी एकदा गर्भ नळीत राहिला असेल, तर धोका वाढतो. तंबाखूच्या धुरानेही वाढतो.

कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बायकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. नसबंदीनंतर दिवस राहणे फार क्वचित घडते. पण राहिलेच, तर तो गर्भ नळीत असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत नसबंदीनंतरच्या गर्भधारणांपैकी सुमारे एक तृतीयांश गर्भाशयाबाहेरच्या होत्या. म्हणून ‘माझे ऑपरेशन झाले आहे, मला दिवस राहूच शकत नाहीत’ असे समजून चुकलेल्या पाळीकडे दुर्लक्ष करू नका. तांबी बसवलेली असताना दिवस राहिले, तरी हेच लक्षात ठेवा.

आणि अशा सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये यांपैकी एकही कारण सापडत नाही. त्यामुळे ‘मला कसे होईल?’ असे कोणी म्हणू नये.

लक्षणे कोणती?

पाळी चुकणे, ओटीपोटात एका बाजूला दुखणे आणि थोडेथोडे रक्त जाणे, ही तीन मुख्य लक्षणे. तिन्ही एकदम असतीलच असे नाही. कित्येकदा हे रक्त पाळीच्याच तारखेच्या आसपास जाते आणि बाई म्हणते, ‘‘पाळी आली, पण या वेळी कमी गेली.’’ तेव्हा मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीचे ओटीपोट दुखत असेल, तर लघवीची पट्टी लावून पाहावी. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना पोटदुखीची सवय झालेली असते. प्रत्येक दुखणे सिकलसेलचेच आहे असे धरून चालू नये.

नळी फुटल्याची लक्षणे वेगळी आहेत. एकाएकी जोराने पोट दुखणे, चक्कर येणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम सुटून हातपाय गार पडणे, सारखे शौचाला होते आहे असे वाटणे आणि खांद्याच्या टोकाशी दुखणे. पोटाचे दुखणे खांद्यात कसे गेले, याचे नवल वाटेल. पोटात साचलेले रक्त छातीच्या पडद्याखाली लागते. तो पडदा आणि खांदा यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूंच्या वाटेने जातात, म्हणून दुखते खांद्यात. बाहेर जाणारे रक्त अगदी थोडे असते आणि आत मात्र पोट भरत असते. त्यामुळे कापडावर किती डाग पडला, यावरून धोका मोजू नये.

पहिल्या दिवशी का समजत नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आशाताईंकडे मिळणारी ‘निश्चय’ची पट्टी असो की मेडिकल स्टोअरमधली, ती एवढेच सांगते की दिवस राहिले आहेत. कुठे राहिले आहेत, हे ती सांगू शकत नाही. ते सोनोग्राफीने समजते, पण त्यालाही वेळ यावी लागते. योनिमार्गाच्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत त्याहून उशिरा दिसते. म्हणजे पट्टी ‘हो’ म्हणते आणि सोनोग्राफीत काही दिसत नाही, असे काही दिवस मध्ये येतात.

या दिवसांत तीन शक्यता असतात. पहिली, गर्भ गर्भाशयातच आहे, पण फार लहान आहे. दुसरी, गर्भ आपोआप पडून गेला आहे किंवा जाणार आहे. तिसरी, तो गर्भाशयाबाहेर आहे. बाईकडे पाहून, पोट तपासून किंवा एकाच सोनोग्राफीवरून या तिन्हींतली कोणती खरी, हे खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी ‘आज सांगता येत नाही’ असे डॉक्टर म्हणाले, तर त्यांना समजत नाही असे मानू नका. ते खरे बोलत आहेत.

मग संशय आल्याबरोबर औषध देऊन मोकळे का होऊ नये? कारण पहिली शक्यता खरी असेल, तर घाईच्या औषधाने किंवा पिशवी साफ केल्याने एक चांगला, हवाहवासा गर्भ आपल्याच हातून नष्ट होईल. वाट पाहिली नाही तर हा धोका, आणि जास्त वाट पाहिली तर नळी फुटण्याचा धोका. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे ४८ तास.

अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब

गर्भ राहिला की रक्तात बीटा एचसीजी नावाचे संप्रेरक येते. रक्त तपासून त्याचा आकडा काढता येतो. एकाच आकड्यावरून फारसे काही ठरत नाही. त्याची चाल पाहावी लागते, म्हणून ४८ तासांनी पुन्हा रक्त घेतात.

उदाहरण घेऊ. सोमवारी सकाळी आकडा ८०० आला. गर्भ गर्भाशयात नीट वाढत असेल, तर बुधवारी सकाळी तो किमान १२०० च्या आसपास गेला पाहिजे. पुष्कळदा तो दुपटीजवळही जातो. बुधवारी ९५० आला, तर चाल मंद आहे. गर्भ खराब होत आहे किंवा जागा चुकली आहे, असा संशय बळावतो. तो ३५० वर उतरला, तर गर्भ टिकणार नाही हे कळते. आकडा साधारण ३५०० च्या पुढे गेला आणि तरीही चांगल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामेच दिसले, तर संशय फारच दाट होतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. आकडा चांगला वाढला म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे, असे नाही. काही नळीतले गर्भही सुरुवातीला नीट वाढतात. म्हणून सोनोग्राफीत गर्भाशयातील गर्भ प्रत्यक्ष दिसेपर्यंत तपासणी सोडायची नाही. दुसरे, आकडा उतरला म्हणजे धोका टळला, असेही नाही. उतरत्या आकड्यावरही नळी फुटल्याची उदाहरणे आहेत. आकडा शून्यावर येईपर्यंत रक्त तपासत राहावे लागते.

दोन्ही वेळा रक्त एकाच प्रयोगशाळेत तपासावे. प्रयोगशाळा बदलली की आकड्यांत फरक पडतो आणि चाल नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशीच गेलात, तर फरक पुरेसा दिसत नाही. सहाव्या दिवशी गेलात, तर कदाचित फार उशीर झालेला असतो.

मात्र हे वाट पाहणे फक्त प्रकृती स्थिर असलेल्या स्त्रीसाठी आहे. जिला भोवळ आली, ब्लडप्रेशर उतरले, पोट फुगून कडक झाले, तिच्यासाठी ४८ तास नाहीत आणि आकड्यांची वाट पाहणेही नाही. तिचे ताबडतोब ऑपरेशन करायचे असते.

त्या दोन दिवसांत काय करावे?

दवाखान्यातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. पुन्हा कोणत्या तारखेला, किती वाजता यायचे? मध्ये काही झाले तर कुठे जायचे? रात्री कोणाला फोन करायचा? उत्तरे कागदावर लिहून घ्या. तुमचा रक्तगटही त्याच कागदावर असू द्या. आरएच निगेटिव्ह असाल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. वेगळे इंजेक्शन लागू शकते.

घरी एकटे राहू नका. घरातील एका तरी माणसाला सगळे खरे सांगा. लाजेपायी बायका हे कोणाला सांगत नाहीत आणि रात्री भोवळ आली की घरच्यांना वाटते, उन्हाने झाले किंवा बाहेरचे काही झाले. तुमचे गाव आडवळणाला असेल, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होत असेल, तर हे दोन दिवस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नातेवाइकाकडे काढा. लाखांदूरकडच्या एखाद्या खेड्यातून मध्यरात्री भंडाऱ्याला पोहोचणे सोपे नसते. रात्री लागली तर गाडी कोणाची मिळेल, हे दिवसाच ठरवून ठेवा. १०८ क्रमांक घरातल्या पोरासोरांनाही पाठ असू द्या.

या दोन दिवसांत रोवणी, पाण्याचे हंडे, ओझे हे सारे बंद. शरीरसंबंध बंद. पोट चोळून घेऊ नका, शेकू नका. दुखणे वाढले तर मेडिकल स्टोअरमधून गोळी आणून ते दाबू नका, दवाखान्यात या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बरे वाटले तरी ठरल्या वेळी या. नळी फुटण्याआधी दुखणे कमी होऊ शकते. दुखणे थांबले हा तपासणी चुकवण्याचा परवाना नव्हे.

परत येण्यावर उपचार ठरतो

गर्भ नळीत आहे असे ठरले, तर तीन मार्ग असतात. आकडा लहान असेल, आपोआप उतरत असेल आणि दुखत नसेल, तर डॉक्टर नुसती देखरेख ठेवतात. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी आणि मग दर आठवड्याला रक्त तपासतात.

दुसरा मार्ग मेथोट्रेक्सेट या इंजेक्शनचा. वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबवणारे हे औषध आहे. नळी फुटलेली नसेल, गाठ लहान असेल, आकडा फार मोठा नसेल आणि यकृत, मूत्रपिंड, रक्त यांच्या तपासण्या ठीक असतील, तर ते देता येते. इंजेक्शनचा दिवस पहिला धरून चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचे. चौथ्या दिवशीचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त आला, तरी घाबरू नये, असे होते. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत तो किमान १५ टक्के उतरला पाहिजे. तेवढा उतरला नाही, तर डॉक्टर पुन्हा इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांचा विचार करतात. उतरला, तर पुढे दर आठवड्याला तपासणी, आकडा शून्यावर येईपर्यंत. त्याला काही आठवडे लागतात. इंजेक्शन घेतल्यावरही नळी फुटू शकते, म्हणून धोक्याच्या लक्षणांवर नजर ठेवायचीच.

या काळात फॉलिक ॲसिडची गोळी बंद ठेवावी लागते. गरोदर बाई म्हणून मिळालेली लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी घेत राहिलात, तर इंजेक्शनचा गुण कमी होतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, दारू आणि कडक ऊन टाळावे. पुढे किमान तीन महिने दिवस राहू देऊ नयेत.

तिसरा मार्ग ऑपरेशनचा. दुर्बिणीतून किंवा पोट उघडून नळी काढतात. काही वेळा नळी राखून गर्भ तेवढा काढतात, आणि मग पुन्हा आकडा शून्यावर येईपर्यंत रक्त तपासणे आलेच.

घरच्यांना इंजेक्शनच हवे असते, कारण त्यात कापाकापी नाही. पण त्यांना मी आधी विचारते, ‘‘चौथ्या आणि सातव्या दिवशी येणार का? मध्यरात्री दुखले तर पोहोचू शकाल का?’’ उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या बाईसाठी इंजेक्शनपेक्षा ऑपरेशनच सुरक्षित. परत येण्याची खात्री हा त्या औषधाचाच एक भाग आहे.

नागपूरची एक गोष्ट

ऑपरेशनच्या भीतीने पळून जाणारे रुग्ण आम्ही पाहतो. त्यांतलेच एक आश्चर्य २०१४ साली नागपूरच्या एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्थेत दिसले. मध्य प्रदेशातून आलेल्या साठीच्या एका बाईच्या पोटात दुखत होते आणि गाठ लागत होती. कॅन्सर असावा, अशी शंका होती. सर्व तपासण्यांनंतर कळले की आत बाळाचा हाडांचा सांगाडा आहे. ३६ वर्षांपूर्वी, १९७८ साली, तिला दिवस राहिले होते. गर्भ गर्भाशयाबाहेर आहे, ऑपरेशन करावे लागेल, असे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते. ती घाबरून गावी परतली, तिथेच औषध घेतले, काही महिन्यांनी दुखणे थांबले आणि ती ते विसरून गेली. शल्यचिकित्सकांनी २०१४ मध्ये ऑपरेशन करून तो सांगाडा काढला. वर्तमानपत्रांत ही बातमी कुतूहलाने वाचली गेली.

‘काही न करता ती वाचलीच की!’ असे कोणी म्हणेल. लाखांत एखादी वाचते, म्हणून तर तिची बातमी होते. ज्या वाचल्या नाहीत, त्यांची बातमी आली नाही.

गोळ्या घेणाऱ्यांसाठी

गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात, पण काही जण परस्पर आणून घेतात. या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. मात्र गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्त जाते आणि बाईला वाटते, काम झाले. नळीतला गर्भ तिकडे वाढत असतो. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात आहे हे पाहूनच गोळ्या घ्याव्यात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. रक्त अगदीच कमी गेले किंवा एका बाजूला दुखत राहिले, तर दोन आठवडेही थांबू नये. गर्भपात कायद्याने मान्य आहे. चोरून करण्याची गरज नाही आणि डॉक्टरांना ‘गोळ्या घेतल्या होत्या’ हे सांगायला भिऊ नये.

दुसरी बाई

पुढच्या वर्षी, पुन्हा रोवणीच्याच दिवसांत, तुमसरकडची एक बाई आली. तीच लक्षणे, तशीच रिकामी सोनोग्राफी. या वेळी मी नुसते ‘परवा या’ म्हणाले नाही. परवा हा आपल्या भाषेत मोठा सैल शब्द आहे. होऊन गेलेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवा. मी कागदावर वार, तारीख आणि वेळ लिहिली. नवऱ्याला आणि सासूला आत बोलावले. चित्र काढून नळी दाखवली आणि स्पष्ट सांगितले, ‘‘नाही आलात तर जिवाला धोका आहे.’’ गावच्या आशाताईंना फोन केला. नवरा म्हणाला, ‘‘म्याडम, रोवणीले दोन बाया जास्त लावतो. हिला घेऊन येतो.’’

ती वेळेवर आली. पहिला आकडा ६४०, दुसरा ७६०. सोनोग्राफीत उजव्या नळीशी लहानशी गाठ दिसू लागली होती. भंडाऱ्यात तिची मावशी होती. तिच्याकडे राहायचे ठरल्यावरच इंजेक्शन दिले. चौथ्या दिवशी आकडा ९०० झाला आणि नवऱ्याचा चेहरा उतरला. पाचव्या रात्री पोट दुखले म्हणून ते दोघे लगेच आले. तपासले, सारे ठीक होते. सातव्या दिवशी आकडा ५९० वर आला. मग दर आठवड्याला येत राहिली. पाचव्या आठवड्यात तो शून्यावर आला.

त्यानंतर तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. एकदा नळीत गर्भ राहिला की पुढच्या वेळी तसेच होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. म्हणून पुढे पाळी चुकली की आठवडाभरात येऊन दाखवायचे. आणि दहातल्या उरलेल्या नऊ चांगल्या शक्यताही विसरायच्या नाहीत. दोन वर्षांनी ती पाळी चुकल्यावर सहाव्या दिवशीच हजर झाली. या वेळी गर्भाची पिशवी गर्भाशयात, आपल्या जागी दिसली. आज तिची मुलगी अंगणवाडीत जाते.

वाचक भगिनींनो, गेलेला गर्भ दिवस कमी असतानाच गेला, तरी त्याचे दुःख असते. ‘काय, दीड महिन्याचा तर होता’ असे तिला कोणी म्हणू नये. तिने काही उचलले, काही खाल्ले किंवा ती ग्रहणात बाहेर गेली म्हणून हे झालेले नसते. दोष तिचा नाही, सासरचा किंवा माहेरचाही नाही.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचा हिशेब, गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितो. डॉक्टरांनी सांगितलेली तारीखही त्यावरच लिहा, मोठ्या अक्षरांत. पवनीकडची ती सासू पुढे सुनेला तपासणीसाठी स्वतः घेऊन येत असे. दर वेळी केसपेपर माझ्यापुढे सरकवून म्हणायची, ‘‘बाई, तारीख लिवून द्या.’’ तेव्हापासून मी ती न विसरता लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी लिहिली नाही, तर तुम्ही मागून घ्या.